सैल पेडल: द्राक्षबागेतल्या एका छोट्या ट्रॅक्टरचं प्रकरण

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी साडेसहाला दिंडोरी तालुक्यातले एक बागायतदार आपला २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेऊन माझ्या गॅरेजला आले. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. ऑक्टोबर छाटणी होऊन पस्तीस-चाळीस दिवस झालेले, बाग फुलोऱ्यात, वर ढगाळ हवा आणि पहाटे दव. अशा दिवसांत डाऊनीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीची, धास्ती काय असते ते द्राक्षवाल्याला सांगायला नको. नानांनी उतरताच सांगितलं, "दादा, पेडलं पार खिळखिळी झाली. पण पहाटे पाचला फवारणीचा ब्लोअर चालला पाहिजे. रात्रीत काय करायचं ते कर."

त्यांची तक्रार तीन वाक्यांत होती. क्लच पेडल डावी-उजवीकडे डुलतं आणि खूप दाबल्यावर पकडतं. उजवा ब्रेक डाव्यापेक्षा खोल जातो. आणि आदल्या दिवशी बागेतून घराकडे येताना उताराच्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोडणारी पट्टी उसळली, पाय एकाच ब्रेकवर पडला आणि ट्रॅक्टर झटक्यात एका बाजूला ओढला गेला. मागे ब्लोअरची टाकी रिकामी होती म्हणून निभावलं.

पहिल्या दोन तक्रारी त्रासाच्या होत्या. तिसरी जिवाची होती, आणि कामाचा क्रम तिनेच ठरवला.

आधीचा इतिहासही महत्त्वाचा आहे. साधारण दोन महिन्यांपूर्वी हेच पेडल सैल झालं म्हणून नानांनी एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथल्या मुलाने पेडलपासून क्लचपर्यंत जाणारा ॲडजस्टिंग रॉड फिरवून इतका आवळला की पेडल जरासुद्धा मोकळं राहिलं नाही. नाना खूश झाले. चार दिवसांनी औषधाने भरलेला ब्लोअर चढावर ओढताना इंजिन गरगरायला लागलं, ट्रॅक्टर पुढे सरकेना आणि जळका वास आला. क्लच घसरत होता. नानांच्या मुलाने घरीच पाना लावून रॉड पुन्हा ढिला केला. घसरणं थांबलं, पेडल पहिल्यासारखं सैल झालं.

हा प्रकार मी दर हंगामात पाहतो, म्हणून इथे जरा थांबतो. पेडल सैल आहे असं माणूस म्हणतो तेव्हा तो दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देत असतो. पहिली म्हणजे पेडलची मोकळी चाल. पेडल दाबायला लागल्यापासून आत क्लचचं बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरांना, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या बोटांसारख्या पट्ट्यांना, टेकेपर्यंतचं अंतर. ते हवंच असतं. ते नसेल तर बेअरिंग सतत टेकून फिरत राहतं, तापतं, आवाज करतं. आणि रॉड आणखी आवळला तर आपण पेडलला पाय न लावताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. प्लेट झिजत जाते तसतशी ही चाल आपोआप कमी होत जाते, म्हणून ती ठरावीक वेळाने मोजून पूर्ववत करायची असते. दुसरी गोष्ट म्हणजे झीज: बुश (पेडलच्या आडव्या शाफ्टभोवतीची धातूची नळी), पिन, भोकं, चावी (पेडल शाफ्टला पक्कं धरणारा धातूचा तुकडा) यांच्यात पडलेली फट. ती कुठेच नको असते. पायाला मात्र दोन्ही सारख्याच लागतात, आणि रॉड आवळला की दोन्ही सारख्याच गेल्यासारख्या वाटतात. सगळा घोळ इथे आहे.

म्हणून मी पाना हातात घेण्याआधी मोजपट्टी घेतली. इंजिन बंद, किल्ली खिशात, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ओट. स्टीलची मोजपट्टी फूटबोर्डावर उभी धरली, खडूने खूण केली आणि पेडल हाताने हळू दाबलं. पायाने दाबू नये. पायाला टेकल्याचं कळत नाही, हाताला लगेच कळतं. क्लचची एकूण मोकळी चाल ५२ मिलिमीटर आली. डावा ब्रेक ३०, उजवा ४६. क्लच पेडलचं बाजूला डुलणं टोकाला १७ मिलिमीटर. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत क्लचची मोकळी चाल २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. नानांच्या ट्रॅक्टरची पुस्तिका सीटखालच्या डब्यात तेलकट झालेली सापडली, तिच्यात २५ होतं. दोन्ही ब्रेकची चाल सारखी असावी, हे तिच्यात ठळक अक्षरांत होतं.

मग फट कुठे कुठे आहे ते शोधलं. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही, दोन माणसं आणि एक बॅटरी लागते. माझा हेल्पर पेडल अगदी सावकाश दाबत होता आणि मी खाली झोपून पाहत होतो की कोणता भाग कोणत्या क्षणी हलायला लागतो. पेडल हललं, पण पुढच्या फोर्कची (रॉडच्या टोकाच्या चिमट्याची) पिन थांबूनच होती. मग पिन भोकात एका बाजूला टेकली आणि रॉड हलला, पण मागचा फोर्क थांबून. मग तो हलला आणि शेवटी क्लच दाबणारा लिव्हर. पाय जिथून निघाला आणि लिव्हर जिथे जागा झाला, त्यामधल्या प्रत्येक थांब्यावर एकेक झीज बसलेली होती.

पिना काढून बारीक मापाचा व्हर्नियर लावला. मूळ १० मिलिमीटरची पुढची पिन मधोमध ९.२ झालेली, फोर्कचं भोक १०.७. म्हणजे दीड मिलिमीटर फट. मागच्या जोडात १.२. दोन्ही मिळून २.७. ऐकायला किरकोळ वाटतं. पण या पेडलचा दांडा शाफ्टच्या मध्यापासून पाय टेकतो तिथपर्यंत २४० मिलिमीटर आणि शाफ्टपासून फोर्कच्या पिनेपर्यंत ४८, म्हणजे पाचास एक. खाली एक मिलिमीटर फट पडली की वर पायाला पाच मिलिमीटर लागते. २.७ चे साडेतेरा होतात. पिन निसटू नये म्हणून घालतात त्या स्प्लिट पिनेच्या जागी एका ठिकाणी तार वळवलेली होती आणि वॉशर नव्हताच; पिन बाजूला सरकत-घासत राहण्याचं तेही एक कारण.

शाफ्टचा बुश त्याहून वाईट होता. पेडलच्या बुडाशी शाफ्टवर बसणाऱ्या हबची लांबी ५० मिलिमीटर, आत बुश आणि शाफ्ट यांच्यात मिळून १.८ मिलिमीटर फट. पेडल डुलत होतं ते यामुळेच, आणि दाबताना हब शाफ्टवर पुढे-मागे सरकून आणखी नऊएक मिलिमीटर चाल फुकट जात होती.

आता आकडे एकत्र मांडून बघा. ५२ पैकी साडेतेरा पिनांचे, नऊ बुशचे. आणखी पाच मिलिमीटर झीज अशी होती जी मला त्या रात्री दिसलीच नाही; तिच्याबद्दल पुढे सांगतो. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस मिलिमीटर निव्वळ झीज. अशा अवस्थेत कुणी पुस्तिका उघडून, प्रामाणिकपणे मोजपट्टी लावून चाल बरोबर २५ वर आणली असती, तरी ती सगळी झिजेतच संपली असती आणि बेअरिंगला सुटायला जागाच उरली नसती. मोजपट्टीवर आकडा बरोबर, पुस्तिकेप्रमाणे बरोबर, आणि आत बेअरिंग घासतंय. म्हणून माझा आग्रह असतो की झीज काढल्याशिवाय रॉडला हात लावू नये.

रात्रीत सगळं होणं शक्य नव्हतं. बुश दाबून रीमर (भोक मापात करणारं हत्यार) मारायचा तर लेथवाला लागणार, तो सकाळी नऊला उघडतो. नानांना सरळ सांगितलं, "नाना, क्लचचं डुलणं आज जाणार नाही. पण ब्रेक मी तुम्हाला असे देणार नाही. आधी ते." नाना थोडे नाराज झाले, कारण बागेत त्यांना क्लच जास्त छळत होता. तरी मी हटलो नाही. क्लच सैल असेल तर गियर कुरकुरतो, ब्रेकची पट्टी सैल असेल तर माणूस जातो.

ज्यांनी ट्रॅक्टर चालवलेला नाही त्यांच्यासाठी: ट्रॅक्टरला उजव्या पायाला दोन ब्रेक पेडल असतात, एक डाव्या मागच्या चाकाचं, एक उजव्या. शेतात ओळीच्या टोकाला वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. रस्त्यावर आलं की मात्र दोन्ही पेडलं पट्टीने एकत्र जोडायची, कारण वेगात एकच चाक धरलं तर ट्रॅक्टर उलटू शकतो. द्राक्षबागेत दोन ओळींमध्ये नऊ-दहा फूट जागा, वर मांडव, टोकाला अँगल आणि ताणाच्या तारा. वळायला जागा नाही. नानांची बाग पाच एकर. एकराला वीस-बावीस ओळी धरल्या तर एका फवारणीत शंभरावर वळणं, प्रत्येक वळणाला क्लच आणि एक ब्रेक. छाटणीनंतरच्या दिवसांत तर फवारण्या रोजच्या रोज. म्हणजे बागेत शिरताना पट्टी काढायची, बाहेर पडताना लावायची, हेही रोज. त्या पट्टीचं भोक लांबट होऊन कड गोल झाली होती. दोन्ही पेडलं एका रेषेत नसली की पट्टीवर तिरका जोर येतो आणि गोल कडेवरून ती सरकते. उजवा ब्रेक सोळा मिलिमीटर खोल जात होताच.

उजवं पेडल खोल का जातं? या ट्रॅक्टरमध्ये उजवं पेडल ब्रेकच्या आडव्या शाफ्टला चावीने घट्ट बसवलेलं आहे आणि डावं त्याच शाफ्टवर मोकळं फिरतं. पेडल हाताने हलवून पाहिलं तर शाफ्ट जागीच आणि पेडल थोडं फिरतंय. चावी दोन्ही कडांनी दबली होती. नवी चावी मापाने घासून बसवली. शाफ्टवरचा चावी बसायचा गाळा सुदैवाने शाबूत होता, नाहीतर ते काम रात्रीत झालं नसतं. पट्टीचं भोक मी वेल्डिंगने भरून पुन्हा पाडलं नाही. जुन्या पट्टीवर माझा भरवसा नव्हता. आठ मिलिमीटरच्या पट्टीची नवी कापली, भोक मापाचं ठेवलं, आणि पट्टी आपोआप उचलली जाऊ नये म्हणून तिच्यावर स्प्रिंगची आर पिन दिली. मग दोन्ही ब्रेकचे रॉड ३० मिलिमीटरवर सारखे केले, लॉकनट कसले.

तपासणीसाठी मागची दोन्ही चाकं वर घेतली, खाली भक्कम स्टँड दिले, पुढच्या चाकांना ओट. दोन्ही पेडलांवर एक फळी आडवी ठेवून दाबली आणि चाकं हाताने फिरवून पाहिली. दोन्ही एकाच जागी अडली पाहिजेत. उजवं जरा आधी अडत होतं, अर्धा फेरा सोडला. नंतर गॅरेजमागच्या मातीच्या मोकळ्या जागेत पट्टी लावून हळू वेगात ब्रेक मारला आणि उतरून दोन्ही टायरांचे घसरल्याचे माग पायांनी मोजले. सारखे होते. एवढं झाल्यावर क्लचच्या दोन्ही नव्या पिना, वॉशर, नव्या स्प्लिट पिना घातल्या, फोर्कची भोकं रीमरने गोल करून त्या मापाच्या जाड पिना वापरल्या. रॉड फिरवला नाही. मोजलं तर ५२ ची ३८ झाली होती. रात्रीचे साडेअकरा. नानांनी तसाच ट्रॅक्टर नेला आणि पहाटे फवारणी झाली.

तीन दिवसांनी उघडीप मिळाल्यावर ट्रॅक्टर परत आला तेव्हा बुशचं काम घेतलं. शाफ्ट निघेना. शाफ्ट जागी धरणारी कडी, म्हणजे सर्कलिप, गंजून गाळ्यात चिकटलेली, तीही तुटून तुकड्यांत निघाली. अशा वेळी पेडलवर घण घालायचा मोह होतो. तसं केलं की दांडा वाकतो आणि नवा बुश घालूनही पेडल तिरकंच बसतं. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी पुलरने ओढलं. आतून निघालेला माल मी एका पत्र्यावर काढून नानांना दाखवला: निळसर-पांढरी, सुकून दगडासारखी झालेली पूड आणि तांबूस गंज. ग्रीसचा मागमूस नाही. ग्रीस निप्पल त्याच पुडीने बंद झालेलं होतं. नानांचा सालगडी महिन्यातून एकदा ग्रीस गन लावत होता, हे खरं होतं. पण ग्रीस आत जातच नव्हतं, बाहेरच्या बाहेर गळत होतं आणि वरून दिसायला निप्पल चांगलं चिकट दिसायचं.

ही निळी पूड म्हणजे बोर्डो, बुरशीवरची फवारणी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. बागायतदार चुना पुरेसा पडला का ते बघायला लोखंडी विळा किंवा खिळा मिश्रणात बुडवतात, त्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवतात. विळ्यावर जे होतं तेच पेडलच्या शाफ्टवरही होतं: मोरचूद लोखंड खातं. ब्लोअरचं तुषार वाऱ्याने पुढे येतं, चालकाच्या पायाशी साचतं. त्यात गंधकाची औषधं. मग फवारणी झाली की ट्रॅक्टर धुवायचा म्हणून प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट पेडलांच्या बुडाशी. जे थोडंफार ग्रीस होतं ते पाण्याने बाहेर, आणि पाणी आत. शेतीच्या बाकी ट्रॅक्टरांत हा बुश कितीतरी वर्षं टिकतो; द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरांत तो लवकर का जातो त्याचं उत्तर माझ्या मते या पत्र्यावर होतं. त्यात चालक क्लचवर पाय टेकवून ओळीत चालवत असेल तर आणखी लवकर. नानांचा चालक तसं करत होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पेडल इतकं खोल पकडत असेल तर पाय काढायची हिंमत कुणालाही होत नाही.

लेथवाल्याकडून शाफ्ट नवाच करून घेतला. जुन्यावर वेल्डिंग भरून टर्निंग करणारे आहेत, स्वस्त पडतं, पण इतक्या बारीक शाफ्टला तापवून वाक आला तर तो काढणं शाफ्ट करण्याहून महाग जातं. बुश गनमेटलचा, बाहेरून पाच शतांश मिलिमीटर जास्त ठेवून हबमध्ये दाबला. दाबल्यावर त्याचं आतलं भोक आक्रसतं, म्हणून रीमर नंतर मारला. बुशला ग्रीसचं भोक आणि आत वळणदार चर काढायला सांगितली, आणि भोक निप्पलच्या समोरच येतंय ना हे मी स्वतः तार घालून पाहिलं. हे चुकलं की नवा बुशही पहिल्या दिवसापासून कोरडा. दोन्ही टोकांना रबरी ओ-रिंग बसतील एवढी जागा केली, पाणी अडवायला.

बसवल्यावर डुलणं दोन मिलिमीटरच्या आत आलं. चाल २९ भरली, रॉड थोडा फिरवून २५ केली आणि समाधानाने ट्रॅक्टर दिला.

आठ दिवसांनी नानांचा फोन आला. "दादा, परत सैल लागतंय." जाऊन मोजलं, ३३. नव्या पिना, नवा बुश, लॉकनट घट्ट. माझी पहिली शंका रॉडच्या आट्यांवर गेली, त्या ठीक होत्या. पुन्हा खाली झोपलो, पुन्हा पेडल हळू दाबायला लावलं. या वेळी मी पिनांकडे न पाहता वर पाहिलं, शाफ्ट ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याकडे. पेडल दाबलं की अख्खी ब्रॅकेट हाऊसिंगवरून केसभर उचलली जायची आणि सोडलं की परत बसायची. तीन बोल्टपैकी दोन सैल. वॉशरभोवती रंगाला गोल चीर पडलेली आणि चिरेतून तांबूस भुकटी. दोन भाग एकमेकांवर सतत घासले की हीच भुकटी येते. ती पहिल्या रात्रीही तिथे असणार. मी पिन आणि बुश सापडल्यावर शोधायचं थांबवलं. हेच ते पाच मिलिमीटर. बुश घट्ट झाल्यावर पायाचा सगळा जोर ब्रॅकेटवर आला आणि उरलेला बोल्टही ढिला होत गेला.

ब्रॅकेट काढून दोन्ही पृष्ठभाग घासून साफ केले, ताणलेले बोल्ट फेकून त्याच ग्रेडचे नवे घातले, आट्यांना लॉक करणारं द्रव लावलं आणि टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यावर कसले. ब्रेकच्या बाजूच्या ब्रॅकेटचेही बोल्ट तपासले. एक पाव फेरा घेतलाच. चाल पुन्हा २५. त्या आठ दिवसांचे पैसे मी नानांकडून घेतले नाहीत. पाहायचं राहिलं होतं ते माझं.

आता नानांकडे दोन गोष्टी बदलल्या आहेत. फवारणीनंतर पेडलांच्या बुडाशी प्रेशरचा पाइप नेत नाहीत, तिथे बादलीने पाणी ओततात आणि कापडाने पुसतात. आणि धुतल्यावर लगेच, ट्रॅक्टर ओला असतानाच, ग्रीस भरतात. नवं ग्रीस बुशच्या दोन्ही कडांनी बाहेर दिसेपर्यंत. सालगड्याला मी एवढंच सांगितलं होतं की निप्पलवर गन लावलीस याला महत्त्व नाही, कडेने ग्रीस निघालं का ते बघ. नाही निघालं तर निप्पल काढून रॉकेलमध्ये टाक.

फेब्रुवारीत माल काढणी चालू असताना त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा मोजपट्टी सोबत नेली. क्लच २४. दोन्ही ब्रेक ३१, सारखे. डुलणं दोन मिलिमीटर. ब्रेकच्या पट्टीवर आर पिन होती आणि पिनेला कुणीतरी लाल चिंधी बांधली होती, रस्त्याला लागण्याआधी ती नजरेस पडावी म्हणून. ती कल्पना चालकाची होती.